इबुसपायी अडलेली न्हाणी

शुद्धलेखनाच्या चुकांची माफी आधीच मागून ठेवते. कुणाची मागते आहे ते मलाही ठाऊक नाही, कारण ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी पहिली वेलांटी की दुसरी इथं माझं दर ओळीला अडतं, आणि अक्षर तर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर लिहिणं म्हणजे माहेरी धाडायच्या कार्डावर चार ओळी, आणि त्यातल्या दोन 'सगळे खुशाल' अशाच. त्यामुळे हात बसलेला नाही. वाचणाराने, म्हणजे मीच, समजून घ्यावं.

लिहायचं आहे ते लॅटिन भाषेबद्दल. मुळशी तालुक्यात, माले गावात, चुलीपुढं बसलेल्या बाईचा लॅटिनशी काय संबंध, असं कुणीही विचारील. मीही विचारत होते. चार वर्षं रोज विचारत होते.

सुरुवात न्हाणीपासून करावी लागेल, कारण सगळं दुखणं तिचं. आमच्या घराला न्हाणी नव्हती. मागच्या अंगाला एक सपाट धोंडा, त्याच्या भोवती चार बांबू आणि बांबूंना तरट बांधलेलं. बाजूनंच शेताकडं जायची पायवाट. धरणावरून वारा आला की तरट फुगायचं, कधी गाठ सुटायची. घरातल्या बाकीच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मी मुळात लाजाळू. चार माणसांत मला पाणी मागायचीसुद्धा चोरी. उजाडायच्या आत, लुगड्यासकट दोन तांबे अंगावर घ्यायचे आणि पळायचं, अशी माझी आंघोळ. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी मी एकदाही सावकाश डोक्यावरून न्हाले नव्हते. मला विटांच्या चार भिंती हव्या होत्या आणि आतून लागणारी कडी. त्यासाठी तीन उन्हाळे रानात हिरडे गोळा केले, पौडच्या व्यापाऱ्याला घातले, आणि साडेचारशे रुपये बाजूला टाकले. गवंड्यानं तेवढेच सांगितले होते.

आणि तेवढेच भाऊजींना लागले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पुण्याला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, पण नोकरी तात्पुरती. सुट्टी लागली की पगार बंद. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. श्रावणात घरी आले असताना वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळाच्या भेगेत त्यांना एक बोटभर उंचीचं झाड दिसलं. पांढरं फूल, मुळाला गाठ. मी ते लग्न होऊन आल्यापासून बघत होते, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नव्हती. भाऊजी मात्र ते रद्दीत दाबून, वाळवून पुण्याला घेऊन गेले आणि पुढच्या शनिवारी नाचतच परत आले. हे झाड कुठल्याच पुस्तकात नाही म्हणे. पण खात्री करायला कलकत्त्याला जायला हवं, तिथं जुन्या काळापासूनची वाळवलेली झाडं ठेवलेली असतात, ती ताडून बघायची.

"वहिनी, तुमच्याकडं हायेत तेवढे द्या," ते म्हणाले. "छापून आलं की पीएच.डी. पुरी. पीएच.डी. झाली की कायमची नोकरी. आन नोकरी लागली की पैल्या पगारात तुमची न्हाणी."

"आन न्हाई छापलं तर?"

"न छापायला काय झालं? नवीन झाड हाय ते!"

मला 'नाही' म्हणता येत नाही. तोंडातून शब्द निघायच्या आत मान हललेली असते. तशी हलली.

कलकत्त्याहून ते वाळून आले, पण खुशीत. झाड नवीनच होतं. आता फक्त एक परिच्छेद राहिला होता. जगात कुठंही नवीन झाड सापडलं तर त्याचं थोडक्यात वर्णन लॅटिनमध्ये लिहावं लागतं, नाही तर ते झाड सापडलंच नाही असं धरतात. सापडलं आमच्या सड्यावर, शोधलं आमच्या माणसानं, आणि वर्णन कुणाच्या भाषेत, तर जी आता कुणी घरात बोलत नाही तिच्यात. हे ऐकलं तेव्हाच माझं डोकं दुखायला लागलं. भाऊजींच्या सरांनी सांगितलं, "मी लिहून देणार नाही. मला माझ्या सरांनी दिलं नव्हतं." आणि पुठ्ठा गेलेलं एक पुस्तक हातात ठेवलं.

पुण्यातल्या खोलीवर बाकीची पोरं हसत होती म्हणून पाठांतर घरी सुरू झालं. दर शनिवारी दुपारच्या एसटीनं यायचे ते पाठ करायला. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी शंभरेक चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला लॅटिन, आणि ते मला तपासता यावं म्हणून देवनागरीत. पान, फोलिउम. फूल, फ्लोस. मूळ, राडिक्स. खोड, कौलिस. चिठ्ठ्या धरायला मी. का मी? कारण घरात वाचता येणारं आणि 'नाही' न म्हणणारं माणूस मी एकटीच.

शब्द तरी बरे होते. शब्दांच्या शेपट्यांनी जीव खाल्ला. वर्णनात सगळे शब्द एका ठरावीक विभक्तीत घालायचे असतात. लॅटिनमध्ये नामांची पाच घरं आहेत आणि दर घराची शेपटी वेगळी. आ-ईस, ओ-ईस, ए-इबुस, ऊ-इबुस, ए-एबुस. एकवचन, अनेकवचन. मी भाकरी थापायची आणि भाऊजी पाटावर बसून डोळे मिटून म्हणायचे. मी 'मूळ' म्हटलं की त्यांनी 'राडिके, राडिकिबुस' म्हणायचं. ते म्हणायचे 'राडिको'. पुन्हा. 'राडिका'. पुन्हा. चिठ्ठीला पीठ लागायचं, माझी भाकरी करपायची, आणि हा एम.एस्सी. झालेला माणूस चौथ्यांदा 'राडिको'.

आमचे हे दारात बसून विळ्याला धार लावायचे आणि मजा बघायचे. "इबुस, इबुस, एबुस! आरं, हितं मालेला दिसाला दोन बस येत न्हाईत, आन तुज्या पुस्तकात निस्त्या बसच बस!"

"दादा, तू गप. पाठ हुतंय."

"कुटं हुतंय? तुज्या वयनीचं झालंय. इचार तिला."

आणि ते खरं होतं, हाच तर संताप. आठवड्यातले पाच दिवस ते पुण्यात विसरायचे, आणि मला मात्र खत टाकताना, भात कांडताना, सारवताना कानात नुसतं 'कौले, कौलिबुस' वाजत राहायचं. मला त्याचा अर्थ नको होता. मला न्हाणी हवी होती. दर चुकलेल्या शेपटीगणिक माझ्या भिंतीची एक वीट मागं सरकते आहे असं मला वाटायचं.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वाटायचं की हा कसला तरी मंत्र आहे. "कुनावर करनी करतोस का रं? फुलाबुस फुलाबुस लावलंय सकाळधरनं."

चार महिन्यांनी शब्द पाठ झाले, शेपट्या पाठ झाल्या, तरी वाक्य काही जुळेना. घोळ असा होता. भाऊजींच्या पुस्तकात त्या विभक्तीला पंचमी म्हटलं होतं. पंचमी म्हणजे ऊन-हून. हे मलाही आठवत होतं, कारण आमची शाळा एकखोलीची, आणि वरच्या वर्गातली पोरं 'स-ला-ते' घोकायची ती आम्हा चौथीच्या पोरींना ऐकूनच पाठ होती. भाऊजी मराठीत आधी वाक्य करायचे, मग लॅटिनमध्ये फिरवायचे, आणि मराठीतच ते असं व्हायचं: 'पानांहून अंडाकृती, फुलांहून पांढरी.' कोण पानांहून अंडाकृती? फुलांहून पांढरं काय असतं? ते डोकं धरून बसायचे. "अर्थच लागत न्हाई, वहिनी."

त्या दिवशी मी सुपात तांदूळ निवडत होते. आत्याबाई भाऊजींसाठी बघितलेल्या एका मुलीचं वर्णन करत होत्या. मुलगी घोटवड्याकडची. "रंगानं सावळी हाय. अंगानं किरकोळ. पर कामानं वाघीन, आन तोंडानं गरीब."

इकडून भाऊजी पुटपुटत होते, "पानांहून अंडाकृती, मुळाहून गाठाळ."

माझं डोकं फिरलं. लाजाळू माणसाचं फिरतं तेव्हा आवाज एकदम मोठा निघतो. "भाऊजी, त्या हूनला आग लावा! आत्याबाई पोरीचं सांगत्यात तसं सांगा की. पानांनी अंडाकृती. फुलांनी पांढरी. मुळानं गाठाळ. खोडानं बुटकी. झालं!"

आत्याबाई घाबरल्या. "म्या काय क्येलं गं?"

मग भाऊजींनी पुस्तक काढलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मांडीवर थाप मारली. तेच होतं. त्या लोकांची एकच विभक्ती हूनचं काम करते आणि नीचंही. झाडाचं वर्णन करताना ती 'नी' असते. आमच्या बायका मुलगी बघून येऊन सांगतात, तशीच. सोमवारी त्यांनी सरांना विचारलं, सरांनीही मान डोलावली. पुढच्या शनिवारी भाऊजी माझ्यासाठी भेळ घेऊन आले आणि म्हणाले, "सर इचारत हुते, कुनी सांगितलं. म्या म्हनलं, आमच्या घरी एक हायेत."

इथंच थांबायला हवं होतं. दोघांनीही.

पण मला कधी कुणी शहाणी म्हटलेलं नव्हतं. ते एकदा म्हटलं गेलं आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. आता वर्णन लिहायचं होतं. नामाला शेपटी लागली की त्याच्या विशेषणालाही लावायची असते. मराठीत असं नसतं, आपण 'पांढऱ्या फुलांनी' म्हणतो, 'पांढऱ्यांनी फुलांनी' म्हणत नाही. त्यामुळे भाऊजी विशेषण मोकळंच सोडायचे आणि मग खोडायचे. मला मात्र एक चिठ्ठी पक्की आठवत होती: फोलिईस ओवातिस. अंडाकृती पानांनी. ईस आणि इस. कसं जात्याच्या ठेक्यावर बसतं. मी म्हटलं, "दोगांला एकच शेपूट लावा. जोडी जुळली पायजे. फोलिईस ओवातिस, तसं फ्लोरिबुस अल्बिबुस."

"अल्बिबुस? असं हाय का पन?"

"म्हनून बगा की. फ्लोरिबुस अल्बिबुस. कसं वाजतंय?"

वाजत छान होतं, हे आजही सांगते. त्यांनी तसं लिहिलं. त्याच चालीवर 'राडिके ट्यूबेरोसे' झालं, 'कौले ब्रेवे' झालं. सरांनी कागद बघितला. त्यांचं लॅटिन तीस वर्षांपूर्वीचं. एवढं जुळतंय म्हणजे बरोबर असणार, असं म्हणून सही केली. कागद कलकत्त्याच्या मासिकाकडे गेला.

मी गवंड्याला निरोप धाडला की दिवाळीनंतर ये.

दिवाळी झाली, संक्रांत झाली, शिमगा झाला. सात महिन्यांनी जाडजूड पाकीट परत आलं. भाऊजी ते घेऊन ओट्यावर बसले. परिच्छेद होता चार ओळींचा आणि त्यात तीन ठिकाणी लाल रेघ. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ज्याला विशेषण चालवता येत नाही त्याने नवीन झाडाच्या भानगडीत पडू नये. शब्द असेच नसतील, पण भाऊजींनी मला असेच सांगितले.

"तीन चुका," ते म्हणाले. "अल्बिबुस, ट्यूबेरोसे आन ब्रेवे." मग माझ्याकडं बघितलं. "तुमीच म्हनला हुता, एकच शेपूट."

माझ्या हातात केरसुणी होती. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. "मी चौथी शिकलेली बाई! आन तुमी माजं ऐकलंत? एवढी पुस्तकं घ्यून?"

"तुमचं 'नी' बरोबर आलं हुतं म्हनून ऐकलं!"

"एकदा आलं! एकदा! म्हून काय मी मास्तरीन झाले?"

"मग चाल लावून म्हनून कशाला दावलं?"

"मला काय ठावं, चाल लावली की चूक हुतं?"

आमचे हे आतून ओरडले, "भांडा, भांडा! निदान मराठीत भांडताय ते बरं हाय."

त्या वर्षी कॉलेजात जी एक कायमची जागा निघाली ती दुसऱ्याला गेली. ज्याचं छापून आलं होतं त्याला. भाऊजी महिनाभर घरी आले नाहीत. मी तरटाला नवं सुतळीचं बंधन घातलं आणि धोंड्यावर बसून, अंगावर पाणी ओतता ओतता, त्या अल्बिबुसला मनापासून शिव्या दिल्या. ती चूक माझी होती हे मला कबूल होतं. पण मला समजत नव्हतं ते हे, की दोघं शेजारी उभे असताना शेपट्या वेगळ्या कशा.

ते भाऊजींनीच सांगितलं, पुढं उन्हाळ्यात परत आले तेव्हा. राग ओसरला होता, त्यांचा तरी. कोकमाचं पाणी पीत म्हणाले, "फ्लोस तिसऱ्या घरचा. अल्बुस पैल्या-दुसऱ्या घरचा. विशेषन नामाची विभक्ती घेतंय, वचन घेतंय, पर शेपूट सोताच्या घरचं ठेवतंय. म्हनून फ्लोरिबुस अल्बिस."

"म्हंजी लगीन झालं तरी म्हायेरचंच लुगडं नेसून ऱ्हातीय."

"व्हय. आक्षी तसंच."

आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "असली सून नको गं बाई कुनाला."

"मग पानाचं कसं जुळलं?"

"पान आन अंडाकृती एकाच घरचे. योगायोग."

"आन ते ब्रेवे? ते कुनाच्या घरचं?"

भाऊजींनी मान खाजवली. "खोड तिसऱ्या घरचं. बुटकं बी तिसऱ्याच घरचं. पर ते एला ई करतं. ब्रेवी. का, ते मलाबी न्हाई कळलं. पाठ करायचं."

पाठ करायचं! पुन्हा त्या चिठ्ठ्या, आता कोपरे मुडपलेल्या आणि पिठानं पिवळ्या पडलेल्या. पण या खेपेला मी शपथ घेतली होती. मी फक्त चिठ्ठी धरीन, तोंड उघडणार नाही. त्यांनी 'राडिके ट्यूबेरोसा' म्हटलं की माझ्या कानाला ते खडा चावल्यासारखं लागायचं, तरी गप्प बसले. बरोबर तेच होतं. जे कानाला खटकतं तेच बरोबर, असला न्याय मी दुसऱ्या कुठल्या कामात बघितला नाही. सरांनी या वेळी कागद पुण्याच्या लष्कर भागातल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून वाचून घेतला. पाद्र्यानं एक टिंब बदललं आणि परत दिला.

वर्षभरानं छापून आलं. भाऊजींनी मासिक आणून दाखवलं. झाडाचं चित्र छान होतं. लॅटिन त्यांनी बोट ठेवून वाचलं. सगळं धरून ते लहान मुलाच्या तळहाताइतक्या जागेत मावलं असतं. एवढ्यासाठी तीन पावसाळे गेले होते.

पीएच.डी. झाली. नोकरी लागली, जिल्ह्यातल्या दुसऱ्या तालुक्यात, कायमची. पहिल्या पगाराला शंभर रुपये आले. मी म्हटलं, चला. मग त्यांचं लग्न निघालं. मग खोलीची अनामत. मग पन्नास आले. मग वर्षभर काहीच नाही. गवंडी म्हणायचा, अर्ध्या पैशावर अर्धी न्हाणी बांधतो, दोन भिंतींची. दोन भिंतींची न्हाणी घेऊन मी काय करू? पैसे मागायला माझी जीभ रेटेना. ते यायचे, जेवायचे, नव्या नव्या झाडांच्या गोष्टी सांगायचे, मी वाढायची, आणि ते एसटी धरायचे. मी स्वतःवरच चिडायची. पाच घरांच्या शेपट्या म्हणताना जे तोंड चाललं होतं त्याला 'माझे पैसे' हे दोन शब्द येऊ नयेत?

एका दिवाळीला त्यांनी माझ्यासाठी साडी आणली. मोरपंखी, चांगली, दोनशेच्या वर असेल. सगळ्यांच्या समोर हातात दिली आणि हसत म्हणाले, "वहिनी, ही हिशोबात धरा बरं का. ऱ्हायलेलं फिटलं समजा."

त्यांची बायको उभी होती, आमचे हे होते, आत्याबाई होत्या. मी साडी उलटून पालटून बघितली. मग पुन्हा घडी घातली आणि त्यांच्या बायकोच्या हातात दिली.

"ही तुमी नेसा," मी तिला म्हटलं. "मला न्हायला आन लुगडं बदलायला आडोसा न्हाई. भाऊजी, तीनशे ऱ्हायल्यात. मी हिरड्यांचे दिले हुते, मला रुपयेच पायजेत."

आत्याबाईंनी पानाचा डबा उघडला आणि उगाच बंद केला. शेवटी आमचे हे म्हणाले, "दे रं तिचं. चार वर्सं तुजं बुस ऐकलंय तिनं."

भाऊजींचा चेहरा पडला होता. पण त्यांनी खिशातून एसटीपुरते ठेवून बाकीचे तिथंच दिले. चाळीस निघाले. त्यानंतर मात्र खंड पडला नाही. दर महिन्याला पन्नासची नोट, कधी स्वतः, कधी ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पाकिटातून. मी कुणाशी बोलले नाही, फक्त वाट बघत होते. पाच महिने गेले.

चैत्रातल्या एका रविवारी ते आले. जेवण झालं, हात धुतले, आणि ओट्यावर बसून म्हणाले, "दहाच ऱ्हायलेत ना, वहिनी? आता दहा काय..."

मी दारात उभी होते. हात पुढं केला.

त्यांनी पाकीट काढलं, दहाची नोट माझ्या हातावर ठेवली. मी ती उजेडात धरून बघितली, घडी घालून कनवटीला लावली. साडेचारशे पुरे झाले.